मद्द

रात्री अकराला थ्री फेज येते आमच्याकडे
आणि अडाणकाठचं सगळं शिवार
एकदम घरघरायला लागतं.
मी दुकान उघडं ठेवतो.
कुणाची ना कुणाची मोटर जळतेच.

तीस वर्षं तांब्याची तार मोजतोय.
एका खाचेत बावन्न वेढे म्हणजे बावन्न,
एक्कावन्न झाले की मोटर तापते
आणि गिऱ्हाईक चौथ्या दिवशी दारात.

कुराणही मी असंच वाचायचो.
रमजानात रोज एक पारा,
अंगठा पुढच्या पानाखाली आधीच सरकवलेला,
उरलेल्या पानांची जाडी चाचपत.
तीस दिवस, तीस पारे. हिशेब चोख.
आत मात्र काही फिरायचं नाही.

मग तेही सुटलं.
काही झालं नव्हतं, खरं सांगतो.
घरातलं कुणी गेलं नाही, जमातीशी बिनसलं नाही,
फूटव्हॉल्व्ह गळतो ना, तसं
पाइपातलं पाणी रात्रीतून उतरून गेलं,
सकाळी पंप दिसायला जागच्या जागी.

कुणी विचारलंच तर हात दाखवायचो.
हे बघा, वार्निश. नखांत, रेषांत.
पाणी कातडीला लागत नाही, वुजू कसा व्हायचा?
फार कामाला आलं मला ते वार्निश.

यंदा पौषात एका रात्री
वीस गेजची तार संपली म्हणून
वरच्या फळीवर रीळ शोधताना
जुजदान हाताला लागलं.
शमीमनं माझ्याच जुन्या सदऱ्याचं शिवलेलं,
खिशाचे टाके अजून तसेच.
आत खूण म्हणून लाईटबिल.
सहा वर्षांपूर्वीचं. भरलं होतं की नाही, आठवेना.

आधी घासलेट. मग ब्लेडचं पातं.
मग राख आणि कपड्याचा साबण.
विहिरीच्या पाण्यानं बोटं बधिर झाली,
पण खालून माझेच हात निघाले,
फिकट, सुरकुतलेले,
करंगळीवर लहानपणीचा विळ्याचा वण.

बसलो. पान उघडलं.
जीभ नुसती हवा ओढत राहिली.
ऐन घशात अडकला, काफ चुकीच्या जागी वाजला,
एका ओळीवर तीनदा घसरलो.
असला पंप आपोआप पाणी उचलत नाही,
वरून कुणीतरी तांब्याभर ओतावं लागतं.

तूबा पाणी प्यायला उठली होती.
नऊ वर्षांची. डोळे अर्धे मिटलेले.
'अब्बा, तिथं मद्द हाय. येवढ्या लवकर काहून सोडता?
तानून धरा.'
तिनं बोट ठेवलं, अक्षरावरच्या त्या बारक्या लाटेवर.
मी आवाज ताणला.
छातीत तेवढी जागा नव्हती.
'अजून,' ती म्हणाली.
अजून ताणला.
आणि तिथं, त्या लांबलेल्या एका स्वरात,
मला कुठंच पोचायचं नव्हतं.

ती मांडीला टेकून झोपली.
मी दिग्रसहून आणलेला मराठी तर्जुमा काढला,
आणल्यापासून पिशवीतच पडलेला.
मधमाशीची जागा निघाली.
घर कुठं बांधायचं, कुठल्या वाटेनं जायचं,
तिला वरून कळवलं जातं म्हणे.
दुकानामागच्या कडुलिंबावर आग्यामोहोळ बसतं.
दोनदा मी टायर जाळून उठवलंय.
खिडकीतून तिकडं बघितलं.
अंधार होता. झाड होतं.
पुढं वाचवेना.

तेवढ्यात काळबांडे आला, खांद्यावर मोटर,
फुफाट्यानं पाय गुडघ्यापर्यंत पांढरे.
मी हातानंच बसा म्हणालो.
त्यानं ऑइलचा डबा पालथा घातला, बसला,
बिडी काढली,
मांडीवरचं पुस्तक बघून परत खिशात ठेवली.
'होऊ द्या भाऊ,' म्हणाला,
'लाईट सातवरी हाय.'

तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा घसरलो.
लाईटबिल होतं तिथंच राहू दिलं,
आणि तार मोजायला उठलो.